सणात तुमचं काम काय?

‘पूर्वीसारखा सण आता राहिला नाही’ हे वाक्य नाशकात दर सणाला ऐकू येतं. संक्रांतीला येतं, रंगपंचमीला येतं, गणपतीत तर रोज. बोलणारा साठीचा असो की पंचविशीचा, सूर तोच. मग कारणांची यादी सुरू होते. डीजे, मोबाइल, पुढारी, वर्गणी, महागाई. यातलं काहीच खोटं नाही, पण त्यानं कोडं सुटत नाही. पैसा पूर्वीही लागायचा, पुढारी पूर्वीही मिरवायचे, आणि गोंगाट तर आपल्या सणांच्या पाचवीलाच पुजलेला. मला वाटतं, सण पोकळ वाटायला लागतो तो त्यात आपल्याला करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. आपण बघे झालो. बघ्याला करमणूक मिळते, अर्थ मिळत नाही.

अर्थ शोधायची धडपड मात्र जोरात चालू आहे. सणाच्या आदल्या रात्री फोनवर ‘या सणामागचं विज्ञान’ येऊन पडतं. तीळ उष्ण म्हणून संक्रांत, कडुलिंबानं रक्त शुद्ध होतं म्हणून पाडवा, वड प्राणवायू देतो म्हणून वटपौर्णिमा. हे वाचून कुणाला सण जास्त भिडला असं निदान माझ्या पाहण्यात नाही. दुसरीकडे प्रवचनं आणि शिबिरं आहेत, तिथे हेच जरा संस्कृत लावून सांगतात. दोन्हीकडची समजूत एकच, की सणाचा अर्थ ही एक माहिती आहे आणि ती कळली की झालं. पण ज्या पोराला पाडव्याच्या सकाळी कडुलिंबाची डहाळी आणायला पिटाळलेलं असतं त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. झाडाला तांबूस पालवी फुटलीय, मोहोर आलाय, खाली त्याचा सडा पडलाय हे त्यानं स्वतः पाहिलेलं असतं. तो घरी येतो तो चैत्र हातात घेऊनच. तीच डहाळी कोपऱ्यावर दहा रुपयांना विकत घेतली की उरतो तो विधी, आणि विधीला मग विज्ञानाचा टेकू द्यावा लागतो.

आमच्या गावाची रंगपंचमी घ्या. नाशकात रंग धुळवडीला खेळत नाहीत. धुळवडीला इथे वीर निघतात, दाजीबा वीर गल्लीबोळांतून फिरतो, घराघरातले वीर, म्हणजे देवघरातले पूर्वजांचे टाक, वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर नेतात. रंगाचा दिवस पंचमीचा, आणि तो रहाडींचा. बाहेरगावच्या माणसाला रहाड दाखवायला नेलं तर वर्षातले तीनशेसाठ दिवस त्याला काहीच दिसणार नाही. तिवंध्यात, शनी चौकात, दिल्ली दरवाजापाशी तो ज्या रस्त्यावर उभा असेल त्याच्याच पोटात ती असते. दगडी बांधणीचा पेशवेकालीन हौद, वर लाकडी फळ्या, फळ्यांवर माती. वर्षभर त्यावरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या लागतात. पंचमीच्या आधी गल्लीतली माणसं फावडी घेऊन येतात. माती बाजूला सारायची, फळ्या एकेक करून उचलायच्या, आत साठलेला गाळ घमेल्यांनी उपसायचा, दगड घासून धुवायचा. मग फुलं कढवून रंग तयार करायचा, मोठ्या कढया, खाली लाकडं, डोळ्यांत धूर. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तो बदलत नाही. मानाच्या घरची पूजा होते आणि मग धप्पे, म्हणजे रंगात उड्या, सुरू होतात. उडी मारणाऱ्याला पाण्यात जायला दोन क्षण लागतात, त्या दोन क्षणांसाठी गल्ली कित्येक दिवस राबलेली असते. रंग अंगावरून उतरायलाही दिवस जातात, नखांच्या कडेला तर तो रेंगाळतोच. आणि खेळ संपला की सगळं उलट्या क्रमानं पुन्हा झाकायचं, पुढच्या फाल्गुनापर्यंत.

या राबणाऱ्यांना जाऊन ‘तुम्हाला यात आध्यात्मिक अनुभव येतो का’ असं विचारलं तर ते हसतील, आणि बरोबर आहे त्यांचं. पण रहाड उघडायच्या दिवशी कामावर रजा टाकून येणारी माणसं मी पाहिली आहेत. दोन-दोन पिढ्यांपूर्वी गल्ली सोडून सिडकोत, इंदिरानगरला, पाथर्डी फाट्याला राहायला गेलेल्या घरांतली ही माणसं. खेळायला उशिरा आलं तरी चालतं, उपसायला उशिरा आलेलं चालत नाही, असा त्यांचा हिशेब. याच दिवशी गंगापूर रोडच्या लॉन्सवर ‘रेन डान्स’ असतो. तिकीट, हातात बांधायचा कागदी पट्टा, फवारे, जेवणाचं कुपन. त्याला नावं ठेवायचा माझा इरादा नाही, दोन तास मजेत जातात आणि पोरंबाळं खूश असतात. मात्र तिथल्या कुणाला पुढच्या वर्षी ‘तू आला नाहीस तर अडेल’ असा फोन येत नाही. रहाडीवाल्याला येतो. अर्थ म्हणतात तो या फोनमध्ये आहे.

आता हाच मुद्दा जरा ताणून बघायला हवा, कारण नुसतं ‘सणात काम करा’ म्हणणं फार सोपं आहे आणि बरंचसं लबाडीचंही.

काळारामाचा रथोत्सव चैत्रातल्या कामदा एकादशीला असतो. रामरथ आणि गरुडरथ असे दोन रथ निघतात. रामरथ गोदावरी ओलांडत नाही, गरुडरथ पलीकडे जुन्या नाशकात जाऊन येतो. रामरथ ओढण्याचा मान रास्ते आखाडा तालीम संघाचा, गरुडरथाचा अहिल्याराम व्यायामशाळेचा. पूजेचा मान ज्यांच्याकडे असतो ते रथाकडे तोंड करून अख्खी वाट उलटे चालतात. वळणावर रथ आवरताना पोरांच्या दंडावरच्या शिरा टरारून येतात, दोराने तळहात सोलपटतात. हे सगळं कष्टाचं काम आहे, पण ‘मी रथ ओढला’ असं सांगताना माणसाची मान ताठ होते. इथे काम आणि मान एकाच हातात आहेत.

आणि म्हणूनच ते हात कुणाचे, यावर या गावात केवढं रामायण घडलं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याची इथली बाजू सांभाळत होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले, सत्याग्रही दारांशी बसून राहिले. त्याच चैत्रात रथाचा दिवस आला तेव्हा तडजोड निघाली, की दोन्ही बाजूंच्या तगड्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. प्रत्यक्षात अस्पृश्यांचा हात दोराला लागायच्या आत रथ पळवला गेला, दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही मार लागला. नुसत्या मंदिरप्रवेशानं आपले सगळे प्रश्न सुटणार नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लढा माणूस म्हणून हक्काचा होता. तरी मला त्या तडजोडीतला दोर सारखा आठवतो. सत्याग्रहींना दुरून दर्शन नको होतं, दोर हवा होता. आणि सवर्णांनी त्या दिवशी दर्शनापेक्षा दोर जास्त जपला. दोघांनाही नेमकं ठाऊक होतं की देवाचं काम ज्याच्या हातात, देव त्याचा. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. जिथे पाच वर्षं दारात बसून दोराला हात लावू दिला नाही तिथे दुसरं काय होणार होतं?

‘आमच्या सणांत सगळे एकत्र येतात’ असं कुणी म्हटलं की म्हणून मी आधी विचारतो, दोर कुणाकडे आहे? मांडवात खुर्च्या सगळ्यांना मिळतात. तेवढ्यानं सण सगळ्यांचा होत नाही.

इथवर वाचून एखाद्या घरातली बाई कपाळाला हात लावेल. सणात काम शोधा म्हणे! तिला काम शोधावं लागत नाही, तेच तिला शोधत येतं. आदल्या दिवशी डाळ भिजवा, पुरण शिजवा, वाटा, कटाची आमटी, कुरडया-पापड तळा, नैवेद्याचं ताट वाढा, पंक्ती उठवा आणि चार वाजता उरलेलं थंड जेवा. नैवेद्य दाखवायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं बहुतेक घरांत पुरुषाची असतात. म्हणजे काम एकीचं, मान दुसऱ्याचा. इथे सणातून अर्थ निघत नाही, थकवा निघतो. वर त्याला ‘अन्नपूर्णा’ वगैरे म्हणून गोड बोलायचं. पुरणपोळी विकत आणली म्हणून संस्कृती बुडाल्याची ओरड करणाऱ्यांनी आधी एकदा किलोभर पुरण वाटून बघावं, मग बोलावं. रहाडीच्या बाबतीतही हे कबूल करायला हवं की ती आजही मुख्यतः पुरुषांची आहे.

त्यामुळे माझं म्हणणं असं होतं: काम आणि मान एकाच माणसाकडे असतील तिथे सण भिडतो. काम एकाकडे आणि मान दुसऱ्याकडे गेला की एका बाजूला हमाली उरते, दुसऱ्या बाजूला मिरवणूक. कुंभमेळ्यातल्या स्नानाच्या पर्वणीनंतर रात्री घाट धुणाऱ्या कंत्राटी कामगाराला ‘तुम्ही खरी सेवा करता’ असं सांगणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. त्याला वेळेवर पगार हवा, हातमोजे हवेत, आणि जमलं तर पर्वणीच्या दिवशी पहिल्या रांगेत जागा.

परंपरेत याची चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. त्र्यंबकहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, नाशकातून, सिन्नरवरून पुढे जाते. तिच्या दिंड्यांत जरा वेळ चालून बघा. विणेकरी आहे, त्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवायची नाही. चोपदार आहे, त्यानं चोप उंचावला की गलका थांबतो. पखवाजी, टाळकरी, पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, पुढच्या मुक्कामी आधी पोचून राहुट्या ठोकणारे, चुली पेटवणारे. तुळशीचा मान बाईकडे आहे आणि तो शोभेचा नाही, ऊन-पावसात ते ओझं तिनं स्वतः वाहायचं असतं. दिंडीत प्रेक्षक नावाची जागाच नाही, प्रेक्षक रस्त्याच्या कडेला असतात. आणि वारकऱ्यांनीच सावता माळ्याला संत मानलं, जो मळा सोडून पंढरपूरला गेला नाही, ज्याला विठोबा वाफ्यात भेटला. रोजचं काम आणि देव यांत भिंत नाही, हे इथल्या माणसाला कुठल्या शिबिरात जाऊन शिकायची गरज पडू नये.

रोजच्या ताटाचंही तसंच आहे. मला आपल्या पंचांगातला सगळ्यात विचार करायला लावणारा दिवस ऋषिपंचमीचा वाटतो. पोळ्याला श्रावणी अमावास्येला बैल धुवायचे, त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची. त्यानंतर पाचच दिवसांनी ऋषिपंचमी येते, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं काही नको. माठ, अळू, सुरण, भोपळा, पडवळ, मक्याची कणसं, आंबटाला चिंच, जे परसात, कुंपणावर, बांधावर आपसूक आलं ते एकत्र शिजवायचं, सोबत वरी. फोडणीचा झणका नाही. पहिल्या घासाला भाजी अगदीच मिळमिळीत लागते, मग अळूची खाज चिंचेनं मारलेली कळते, मक्याचा गोडवा लागतो. पण ती चवीसाठी नाहीच. एक दिवस त्या जनावराच्या मानेवरचं जू उतरवून जेवून बघायचं, बाकीच्या दिवसांचं जेवण कुणाच्या जिवावर आहे ते आपोआप कळतं. पोळ्याला नैवेद्य देऊन आभार मानणं सोपं. पाच दिवसांनी त्याच्या कष्टाला हात न लावणं अवघड.

या व्रताची जी कहाणी सांगतात ती विटाळाची आहे आणि ती सरळ टाकून द्यावी अशा मताचा मी आहे. बाईच्या पाळीला पाप ठरवणाऱ्या गोष्टीला विज्ञानाचा किंवा प्रतीकाचा मुलामा देण्यात अर्थ नाही. कहाणी जाऊ द्या, ताट राहू द्या. आणि ते ताट घरातल्या पुरुषानं रांधावं, भाजी बाजारातून चिरलेली मिळते ती न आणता.

हाच नियम आज कुठे लागू होईल याचा विचार मी अधूनमधून करतो. नांगर आता ट्रॅक्टर ओढतो, बैल कमी झाले. पण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी या कामांना पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. त्या बागेत राहतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघेपर्यंत अनेकांचं घर म्हणजे बांधावरचं ताडपत्रीचं खोपटं. द्राक्षाचा घड आपण हातात घेतो तेव्हा एकेक मणी मोकळा वाढावा म्हणून कुणीतरी कात्रीनं मधले मणी काढलेले असतात, घडामागून घड, मान वर करून. या माणसांसाठी आपल्या पंचांगात एकही तिथी नाही. त्यांच्या स्वतःच्या पंचांगात मात्र ज्याच्याशी पोटाचा आणि जिवाचा संबंध त्याची आठवण पक्की असते. आपल्याकडे अश्विन वद्य द्वादशीला वसुबारस, गाय-वासराची पूजा. त्याच दिवशी डोंगरातल्या पाड्यांवर वाघबारस, तिथे वाघदेव पुजतात. म्हणजे एकाच तिथीला खाली गाय पुजली जाते आणि वर तिला खाणारा. रानाजवळ राहणाऱ्याला वाघाला ‘नको’ म्हणून चालत नाही, त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं आणि ते जमवून घेणं वर्षातून एकदा उघड मांडावं लागतं. आमच्या वसाहतींत आता बिबट्या येतो. आम्ही बाल्कनीतून चित्रफीत काढतो आणि वन खात्याला शिव्या देतो. यातला अधिक सुसंस्कृत कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

नाशिककरांची नदीशी ओळखही पूर्वी अशी वापरातली होती. गोदावरीला इथे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. बुधवारचा बाजार गंगेवर, दशक्रिया गंगेवर, उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवायचं ते गंगेवर. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की गावात एकच चौकशी असते, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचा आकडा पेपरात दुसऱ्या दिवशी येतो, व्यापारी माल हलवायचा की नाही ते मारुतीकडे बघून ठरवतात. त्याहून वर गेलं तर काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचा हवाला. देवाला मोजपट्टी करून टाकणारं हे गाव मला फार आवडतं. त्या मारुतीकडे रोज बघणाऱ्याचं नदीकडे लक्ष असतं, आणि लक्ष ठेवणं हीच भक्तीची पहिली पायरी.

हे लक्ष सुटलं तेव्हा काय झालं ते २०१६ मध्ये एकाच वर्षात दिसलं. उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं, स्नानासाठी टँकरनं पाणी आणून ओतावं लागलं. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तीच नदी सराफ बाजारात शिरली. नदीची ही दोन टोकं आपण चार महिन्यांत पाहिली आणि पुन्हा कामाला लागलो, म्हणजे आपापल्या. पात्रात वेळोवेळी काँक्रीट ओतलं गेलं, जुन्या कुंडांचे तळ बुजले. ते काढून टाका, जिवंत झरे मोकळे होऊ द्या, एवढं म्हणण्यासाठी नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. दरम्यान घाटावर संध्याकाळची आरती मोठ्या थाटाची झाली. दिवे, धूप, ध्वनिक्षेपक, उंच चौथरे. बघायला छानच दिसते, पाहुणे आले की मीही नेतो. पण आरती बघून परतताना वाघाडी नाल्याच्या तोंडाशी नाकाला रुमाल लावावा लागतो, आणि त्या वासाची जबाबदारी आरतीच्या कार्यक्रमात कुणाकडेच नाही.

आता पुढे सिंहस्थ, म्हणजे इथला कुंभमेळा आहे. गुरू सिंह राशीत येणार, त्र्यंबकला शैव आखाडे, नाशकात वैष्णव, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वण्या. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, सगळ्याचे आकडे कोटींत. तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडायचं निघालं तेव्हा २०२५ च्या अखेरीस गाव रस्त्यावर आलं. मला त्या वादात सगळ्यात बोलकं हे वाटलं की झाडं वाचवायला आलेले आणि ‘सिंहस्थाला विरोध करता का’ म्हणून त्यांच्यावर चिडलेले, दोघंही देवाचीच माणसं होती. तपोवन म्हणजे तप करायचं वन. वन काढून तपाची सोय करायची ही कल्पना कुठल्या साधूच्या डोक्यातून आली नसणार, ती निविदेच्या डोक्यातून आली.

२०१५ च्या पहिल्या पर्वणीला इतका बंदोबस्त आणि इतके बांबूचे कठडे होते की नाशिककर घरातच बसले. गर्दीच्या सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही, २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले होते. पण सुरक्षेच्या नावाखाली यजमान गावाला घरात कोंडून सोहळा फक्त पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी पार पाडायचा असेल, तर नाशिकनं बारा वर्षं वाट पाहायची ती कशाची? हॉटेलांच्या धंद्याची?

याला उपाय म्हणून मी जे सुचवतो ते ऐकून मित्र म्हणतात, लोकांना वेळ कुठे आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या, पोरांचे क्लास, घराचे हप्ते. मग ढोलपथकांत कोण येतं? गणपतीच्या आधी दोन-दोन महिने संध्याकाळी मोकळ्या मैदानांवर सराव चालतो. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या मुली कमरेला ढोल बांधून तळहाताला फोड येईपर्यंत वाजवतात, एक पैसा न घेता. (आवाजाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळ्या लेखात.) पोरांना सणात काम हवंय. त्यांना ढोल दिला, त्यांनी ढोल उचलला. आमच्याच सोसायटीत गणपतीची स्थापना ते विसर्जन असं सगळं पॅकेज एका सजावटवाल्याला दिलं जातं, पोरं फक्त आरतीला खाली येतात आणि मग आम्हीच म्हणतो की या पिढीला काही पडलेलं नाही.

तेव्हा कामं द्यावीत, आणि कामासोबत मान द्यावा. गोदेवरच्या प्रत्येक कुंडाला एकेक गल्ली, एकेक वसाहत जोडावी. श्रावणाआधी तिनं ते उपसायचं, त्या कुंडावरच्या पहिल्या पूजेचा मान तिचा, आणि तो मान फिरता, कुठल्याही एका जातीच्या किंवा घराण्याच्या नावानं न बांधलेला. ब्रह्मगिरीच्या तिसऱ्या श्रावण सोमवारच्या फेरीत जो जितक्या पाण्याच्या बाटल्या खाली आणेल त्याची फेरी पुरी धरावी. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडण्यापेक्षा ज्यानं आपट्याचं रोप तीन वर्षं जगवलं त्यानंच पानं वाटावीत, बाकीच्यांनी घ्यावीत. (आणि कांचनाची पानं आपटा म्हणून खपवणाऱ्यांना काय करावं ते सुचलं तर सांगा.) संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजा उतरवणं हे येवल्यातल्या आसारी (पतंगाची फिरकी) धरणाऱ्या पोरांइतकंच कौशल्याचं काम आहे, त्याचीही स्पर्धा लावता येईल. नायलॉन मांजावर बंदी येऊन वर्षं झाली, तरी दर जानेवारीत कुणाचा तरी गळा चिरल्याची बातमी येते. ती बंदी पोलीस एकटे राबवू शकत नाहीत.

यातून महापालिकेची सुटका होते असं मात्र समजू नये. नासर्डीत आणि वाघाडीत येणारं मैलापाणी कुठलंही भजनी मंडळ घमेल्यानं उपसू शकत नाही. ते मलनिस्सारण केंद्राचं काम आहे आणि त्यासाठी कर घेतला जातो. नागरिकांच्या श्रमदानाचे फोटो छापून अधिकाऱ्यांनी त्याआड लपायचं, हेही आपण पाहिलेलं आहे. देवाचं नाव घेऊन सरकारी काम फुकटात करून घेणं ही हमालीचीच दुसरी जात.

पण मंडळांपुरतं बोलायचं तर एक गोष्ट याच वर्षी करता येईल. गणेश मंडळांना परवानगी देताना महापालिका मंडपाची लांबी-रुंदी विचारते, वीजजोडणी विचारते, रस्ता खणणार नाही अशी हमी घेते. त्या अर्जात आणखी एक रकाना घालावा, की हे मंडळ वर्षभर कुठलं एक सार्वजनिक काम सांभाळणार आणि ते करणाऱ्यांत बायका किती, गल्लीबाहेरच्या वस्तीतले किती. पुढच्या वर्षी त्याची तपासणी व्हावी आणि विसर्जन मिरवणुकीतला क्रम त्यावरून लागावा. यावरून भांडणं होतील हे मला मान्य आहे. क्रमावरून ती आत्ताही दरवर्षी होतातच, कुणाचा ढोल आधी वाजला यावरून होतात. मग ती कुणाचा नाला स्वच्छ यावरून होऊ द्यात.